रोमन कायदा मेलेला नाही

महोदय,

विधी अभ्यासक्रमातून रोमन कायदा वगळावा, तो ‘मृत विषय’ आहे, असे सुचवणारे पत्र आपल्या दैनिकात वाचले. मी हा विषय 26 वर्षे शिकवला. ‘मॅडम, हे कोर्टात कोण विचारणार?’ असे दरवर्षी एक तरी विद्यार्थी म्हणायचाच. मी इतिहास सांगत बसे, त्याला तो पटत नसे. आज मी त्याच्या हातात दक्षिण आफ्रिकेच्या सर्वोच्च अपील न्यायालयाचा 2020 सालचा एक निकाल ठेवीन.

माळीकाम करून पोट भरणारा एक माणूस रस्त्याने चालला होता. तीन कुत्री त्याच्यावर तुटून पडली. त्याचा एक हात कापावा लागला. मालक म्हणाला, फाटकाला कुलूप होते, कुणी घुसखोराने ते उघडे टाकले असणार, यात माझा काय दोष? न्यायालयाने ते मानले नाही. ‘ॲक्टिओ डे पॉपेरिए’ या रोमन दाव्यात मालकाची चूक सिद्ध करावीच लागत नाही. पाळीव जनावराने कुणी डिवचलेले नसताना, आपल्या जातीच्या स्वभावाबाहेर जाऊन इजा केली, की भरपाई मालकाची. याचे मूळ इसवी सनापूर्वी सुमारे 450 मधल्या, बारा फलकांवरच्या रोमन कायद्यात आहे. तेव्हा मालकाला ते जनावरच हवाली करून सुटता येई. ती पळवाट आता तिथे उरलेली नाही.

डच ईस्ट इंडिया कंपनीने 1652 मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या टोकाशी, केपला ठाणे वसवले, तिच्याबरोबर हॉलंडमध्ये तेव्हा चालणारा हा कायदा तिथे गेला. खुद्द हॉलंडने 1809 मध्ये फ्रेंच धर्तीची संहिता घेऊन तो सोडला, पण ब्रिटिशांनी केप जिंकूनही तो राहू दिला. गोऱ्या वसाहतीचा हा वारसा आहे, हा आक्षेप मला मान्य आहे. म्हणूनच तिथल्या 1996 च्या संविधानाचे कलम 39 मला फार मोलाचे वाटते. असा जुना कायदा विकसित करताना मूलभूत हक्कांचा आशय पुढे न्या, असा आदेश ते न्यायालयांना देते. त्या माळ्याच्या खटल्यातही प्रश्न हाच होता, की कुत्र्यांची भीती न बाळगता माणसाला रस्त्याने चालता यावे की नाही.

हा विषय ठेवायचा की काढायचा हे ठरवणाऱ्यांनी आधी ते निकालपत्र वाचावे, एवढी विनंती.

– एक निवृत्त विधी प्राध्यापिका