वार

शहापूर, बेळगाव

ती. आई-बाबांना सा. न.

फोनवर आई रडते आणि बाबा फोन काढून घेतात, म्हणून लिहिते. रविवारी खानापूरला दादाचा चिंटू माझ्या मांडीवर बसला आणि मंगळवारी त्याला कांजिण्या उठल्या, यात आई तुझी काय चूक? डॉक्टरांनी विचारलं, "लहानपणी आल्या होत्या?" मी कपाळावरचा वण दाखवला. तरी रक्त तपासलं. अँटिबॉडी आहेत, काळजी नाही.

बाबा, म्हैस व्याली की वार पडेपर्यंत तुम्ही गोठ्यात जागायचा, कुत्र्यानं ओढू नये म्हणून. पडली की तिचं काम संपलं. माझी अजून कामावर आहे, पोटातल्या बाळाला पोसते आहे. तिचे बारीक कोंब माझ्या रक्तात बुडालेत, पण माझं आणि बाळाचं रक्त मिसळत नाही. कोंबांवरच्या पेशी एकमेकींत विरघळून एकच अखंड थर होतो. आपल्या कौलांना फटी तरी असतात, इथं सांधाच नाही. विषाणू शिरणार कुठून? वर हा थर विषाणूंना आवरणारं इंटरफेरॉनही सोडतो. गंमत म्हणजे पेशी जोडणारं सिन्सिटिन हे प्रथिन मुळात विषाणूचंच. कोट्यवधी वर्षांपूर्वी तो आपल्या पूर्वजांच्या जनुकांत घुसला आणि तिथंच राहिला. चोरालाच राखणीला बसवलंय!

तरी काही जण आत जातातच. रुबेला जातो; त्यानं बाळाला मोतीबिंदू होतो हे ऑस्ट्रेलियातल्या नॉर्मन ग्रेग या डोळ्यांच्या डॉक्टरांनी १९४१ साली ओळखलं. झिका जातो. अंगात अँटिबॉडी नसतील तर कांजिण्याही कधीकधी जातात. म्हणून चिंटूच्या सगळ्या फोडांवर खपल्या धरेपर्यंत मी काही येत नाही. रिपोर्ट चांगला असला तरी.

आई, मला कांजिण्या आल्या तेव्हा तू कडुनिंबाचा पाला अंथरून निजवलंस आणि खाजवू नये म्हणून हातांना बाबांचे मोजे बांधलेस. एक मोजा फाटका होता, त्यातून मी बोट काढायची. कपाळावरचा वण त्याच बोटाचा. त्या आजारात अंगात तयार झालेल्या अँटिबॉडी वार अडवत नाही, उलट स्वतः उचलून पलीकडे नेते. सर्वात जास्त या शेवटच्या तीन महिन्यांत. म्हणजे बाळ जन्मेल ते पहिल्या काही महिन्यांची शिदोरी घेऊनच.

आणि तुला वार परसात पुरायची असेल, तर ती घरी मिळेल का हे सिस्टरना कानडीत कसं विचारायचं, तेवढं बाबांकडून लिहून घे.

तुमची,
ताई