म्यानमारच्या लष्कराला निषेधाचं टेन्शन नाही, बँकेचं आहे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

म्यानमारवरचा तुमचा लेख वाचला, माहिती चांगली दिलीय, पण शेवटी "जागतिक समुदायाने दबाव वाढवावा" असं मोघम बोलून विषय सोडून दिलात. दबाव म्हणजे नक्की काय हो? १ फेब्रुवारी २०२१ ला लष्कराने सत्ता बळकावली, निवडून आलेल्यांना आत टाकलं, आंग सान सू ची यांना पण, आणि तेव्हापासून चिंता, तीव्र चिंता, कडक शब्दात निषेध हे सगळं करून झालंय. एप्रिल २०२१ मध्ये आसियानने (आग्नेय आशियातल्या देशांची संघटना) लष्करप्रमुख जनरल मिन आँग लाइंग यांना जकार्तात समोर बसवून पाच कलमं मान्य करून घेतली, पहिलंच कलम हिंसा थांबवा. घरी पोचल्यावर लष्कराने सांगितलं की परिस्थिती स्थिरस्थावर झाली की तुमच्या सूचनांचा विचार करू! पुढच्या वर्षी आसियानचे अध्यक्ष, कंबोडियाचे तेव्हाचे पंतप्रधान हुन सेन (ते स्वतः काही लोकशाहीचे पुतळे नाहीत), त्यांनी पत्र लिहून विनंती केली की फाशी देऊ नका, तरी जुलै २०२२ मध्ये चौघांना फासावर चढवलंच. त्यात फ्यो झेया थॉ होते, आधी रॅपर आणि मग खासदार झालेले.

मग काहीच उपयोग नाही का? तर आहे, आणि तेच तुमच्या लेखात राहिलं. यूएनसाठी म्यानमारमधल्या मानवी हक्कांचा अहवाल देणारे विशेष प्रतिवेदक टॉम अँड्र्यूज यांनी मे २०२३ मध्ये हिशोबच मांडला, की सत्ता घेतल्यापासून लष्कराने साधारण १०० कोटी डॉलरची शस्त्रं, सुटे भाग आणि कच्चा माल बाहेरून आणला. रशिया ४०.६ कोटी, चीन २६.७ कोटी, आणि तिसरा नंबर सिंगापूर, २५.४ कोटी. सिंगापूरचं सरकार काही विकत नव्हतं, तिथे नोंदलेल्या कंपन्या आणि तिथल्या बँका वापरून माल फिरत होता. हे छापून आल्यावर सिंगापूरने चौकशी लावली आणि पुढच्या वर्षभरात तिथून जाणारा माल ११ कोटींवरून साधारण १ कोटीवर आला. भाषण नाही, ठराव नाही, नुसती खाती तपासली. हां, थायलंडमधून जाणारा माल त्याच काळात ६ कोटींवरून साधारण दुप्पट झाला, म्हणजे छपराला एकीकडे पत्रा ठोकला की पाणी दुसरीकडून गळायला लागतं तसं, पण तरीसुद्धा बँकेमार्फत होणारी एकूण खरेदी ३७.७ कोटींवरून २५.३ कोटींवर उतरली. अमेरिकेने जून २०२३ मध्ये म्यानमारच्या दोन सरकारी बँकांवर निर्बंध टाकले त्याचाही यात वाटा आहे. आणि हे पैसे कुठे जातात ते ११ एप्रिल २०२३ ला पाझीजी गावात दिसलंय, एका स्थानिक कार्यालयाच्या उद्घाटनाला गाव जमलं होतं त्यावर लष्कराच्या विमानाने बॉम्ब टाकले, दीडशेच्या वर माणसं गेली, लहान मुलं पण.

आता आपलं बघा. त्याच यादीत भारताच्या नावावर ५.१ कोटी डॉलर आहेत, सरकारी आणि खाजगी दोन्ही कंपन्यांचे. रशिया-चीनपुढे किरकोळ म्हणाल, पण आपण स्वतःला जगातली सर्वात मोठी लोकशाही म्हणवतो ना. जून २०२१ ला यूएनच्या आमसभेत म्यानमारला शस्त्रं जाऊ देऊ नका या ठरावाला ११९ देशांनी हो म्हटलं, ३६ तटस्थ राहिले, त्यात आपण. डिसेंबर २०२२ ला सुरक्षा परिषदेत म्यानमारमधली हिंसा थांबवा या ठरावावर परत तटस्थ, चीन आणि रशियाच्या पंगतीला. २०२१ च्या मार्चमधले दोन दिवस तर वाचण्यासारखे आहेत. २६ तारखेला मणिपूर सरकारने पत्रक काढलं की सीमेवरून येणाऱ्यांसाठी छावण्या उघडू नका, जेवण देऊ नका, सौजन्याने परत पाठवा (बोंबाबोंब झाल्यावर ते मागे घेतलं), आणि २७ तारखेला म्यानमारची राजधानी नेपिडोमध्ये लष्कराची परेड झाली त्याला आपला प्रतिनिधी हजर, आणि त्याच दिवशी म्यानमारभर रस्त्यांवर शंभराच्या वर लोक मारले गेले. मिझोरामच्या लोकांनी मात्र दिल्लीला न जुमानता सीमेपलीकडून आलेल्या हजारो चिन जमातीच्या लोकांना ठेवून घेतलं, त्यांना सलाम.

यावर लगेच उत्तर येतं की सीमा लागून आहे, चीन घुसेल, कलादान प्रकल्प (म्यानमारमधून मिझोरामपर्यंतचा आपला जल-रस्ता मार्ग) अडकलाय, व्यवहार बघावा लागतो. बरं, व्यवहारच बघू. कलादानच्या मार्गावरचं पलेत्वा गाव जानेवारी २०२४ मध्ये अराकान आर्मी या लष्कराविरुद्ध लढणाऱ्या बंडखोर गटाच्या ताब्यात गेलं, म्हणजे ज्या लष्कराला सांभाळत बसलो त्याच्या हातात तो रस्ताच राहिला नाही, आणि चीन दोन्हीकडच्यांशी बोलून मोकळा! हेच आपण १९८८ मध्ये लष्करी राजवटीविरुद्ध उठलेल्या बर्मी विद्यार्थ्यांच्या बाजूने उघडपणे होतो, पुढे जॉर्ज फर्नांडिस यांनी तर दिल्लीतल्या स्वतःच्या सरकारी बंगल्यात बर्मी विद्यार्थ्यांना जागा दिली, तेव्हा काय सीमा वेगळी होती का? आणि आम्हा रत्नागिरीकरांना तर ब्रह्मदेश (म्यानमारचं जुनं नाव) लांबचा नाहीच, राज्य गेलेला तिथला थिबा राजा इथेच नजरकैदेत वारला आणि आमच्या टिळकांनी सहा वर्षं मंडालेच्या तुरुंगात काढली.

परेडला जाऊ नका, मिझोरामच्या छावण्यांना केंद्राने पैसे द्या, हे तर आहेच. पण आपल्या महाराष्ट्रातल्या एखाद्या खासदाराने लोकसभेत एवढा प्रश्न तरी टाकावा, की २०२१ नंतर भारतातल्या कोणत्या कंपन्यांनी म्यानमारच्या लष्कराला काय विकलं आणि पैसे कुठल्या बँकेतून आले. उत्तर आलं की तुम्ही ते पहिल्या पानावर छापा.

आपला,
एक वाचक, रत्नागिरी