बोलका तोच नेता?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

वृत्तपत्रांच्या करिअर पुरवण्यांत नेतृत्वगुणांवर लेख आला की आत्मविश्वास, वक्तृत्व आणि छाप पाडणारं व्यक्तिमत्त्व ही त्रयी ठरलेली असते. बढतीच्या मुलाखती घेणाऱ्या समित्यांवर मी बरीच वर्षं काम केलं आहे. या त्रयीमुळे होणारं नुकसान जवळून पाहिलं, म्हणून हे पत्र.

गटचर्चा सुरू झाली की थोड्याच वेळात परीक्षकांच्या कागदांवर खुणा पडू लागतात. जो सर्वांआधी बोलला, ज्यानं दुसऱ्याला तोडून आपला मुद्दा रेटला, त्याच्यापुढे ‘नेतृत्व : उत्तम’. एकदाच पण नेमकं बोलणाऱ्यापुढे ‘सहभाग कमी’. पुढे तोच कागद फायलीत जातो आणि माणसाला वर्षानुवर्षं चिकटून राहतो.

मानसशास्त्राचे अभ्यासक टिमोथी जज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली आधीचे अनेक अभ्यास एकत्र करून व्यक्तिमत्त्वाचे पाच प्रमुख गुण आणि नेतृत्व यांचं नातं तपासलं. बहिर्मुखतेचा, म्हणजे लोकांत मिसळून बोलतं राहण्याच्या गुणाचा, नेतृत्वाशी सहसंबंध सर्वांत जास्त, ०.३१ निघाला (शून्य म्हणजे संबंधच नाही, एक म्हणजे पूर्ण संबंध). हा आकडा बोलक्यांच्या बाजूनं नेहमी पुढे केला जातो. पण त्याचा अर्थ एवढाच, की माणसामाणसांतल्या नेतृत्वाच्या फरकापैकी जेमतेम दहा टक्के फरक या गुणाशी जोडता येतो. शिवाय त्याच अभ्यासात बहिर्मुखतेचा संबंध नेता म्हणून पुढे येण्याशी जास्त होता, प्रत्यक्ष परिणामकारक ठरण्याशी कमी. खुर्ची मिळणं वेगळं आणि खुर्चीवर बसून कारभार नीट चालवणं वेगळं. आपल्या निवडपद्धतीत पहिलीच गोष्ट मोजली जाते. कर्तव्यदक्षता (०.२८) फार मागे नव्हती, पण ती गटचर्चेत दिसणार कशी?

याच पाच गुणांतल्या भावनिक स्थैर्याचं तर नावही कोणी काढत नाही. मी पाहिलेल्या एका विभागाचे प्रमुख हुशार होते, बोलण्यात पटाईत होते, पण वाईट बातमी कानावर आली की भडकायचे. एकदा रात्रपाळीत यंत्रातून आवाज येऊ लागला. पर्यवेक्षकानं स्वतः खटपट केली, फिटरला उठवलं, नोंदवहीत ‘देखभालीसाठी थांबवले’ असं लिहिलं. साहेबांना फोन मात्र केला नाही. वेळीच कळलं असतं तर बेअरिंग बदलून भागलं असतं, ते काम सकाळपर्यंत यंत्राच्या शाफ्टपर्यंत गेलं होतं. पुढे या प्रमुखांच्या जागी आलेल्या बाई मितभाषी. बिघाडाचा पहिला फोन आला तेव्हा त्यांनी आधी विचारलं, “कुणाला लागलं नाही ना? आता तिथे काय दिसतंय?” पुढच्या काही आठवड्यांत बिघाडाच्या नोंदी वाढल्या आणि वरच्यांना वाटलं, बाईंच्या हाताखाली कारभार ढेपाळला. बिघाड होते तेवढेच होते. ते आता लपवले जात नव्हते. संशोधक एमी एडमंडसन यांनाही रुग्णालयांतल्या औषधांच्या चुकांचा अभ्यास करताना असंच आढळलं होतं: चांगल्या नेतृत्वाच्या विभागांत चुकांच्या नोंदी जास्त.

म्हणून बोलक्यांना वगळा, असं माझं म्हणणं नाही. अ‍ॅडम ग्रँट, फ्रान्चेस्का जिनो आणि डेव्हिड हॉफमन या संशोधकांच्या २०११च्या अभ्यासात, हाताखालची माणसं सांगितल्याशिवाय हलत नसतील तिथे बहिर्मुख प्रमुखांचं काम सरस ठरलं. माणसं स्वतःहून सूचना करणारी असतील तिथे मात्र अंतर्मुख प्रमुख पुढे गेले, कारण ते ऐकून घेत होते. नेतृत्वाचे अभ्यासक राल्फ स्टॉगडिल यांनी तर १९४८ मध्येच बजावलं होतं, की ठरावीक गुणांच्या जोरावर कोणी नेता होत नाही, परिस्थितीही पाहावी लागते. तरीही सगळ्या पदांसाठी आपला मूल्यमापनाचा तक्ता एकच!

समित्यांनी दोन गोष्टी तरी कराव्यात. चर्चेपूर्वी प्रत्येक उमेदवाराकडून त्याचा विचार लेखी घ्यावा आणि त्याला वेगळे गुण द्यावेत. आणि उमेदवाराच्या हाताखाली काम केलेल्या दोन-चार जणांना, नाव गुप्त ठेवून, एवढंच विचारावं : “काही बिघडलं तर तुम्ही यांना लगेच सांगता का?” या प्रश्नाला वेळही फारसा लागत नाही. आपल्या पुरवणीतही यशस्वी प्रमुखांच्या मुलाखतींबरोबर त्यांच्या हाताखालच्या माणसांचं म्हणणं छापावं, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक