सोन्याचे कूळ आणि मूळ

महोदय,

कुडाळजवळच्या आमच्या वाडीत गेल्या मे महिन्यात विहिरीचे काम चालू होते. सुरुंग उडाला आणि पिवळ्या चकाकीचे दगड वर आले. संध्याकाळपर्यंत 'सोनां गावलां' ही हाक गावभर झाली. तिसऱ्या दिवशी एक अनोळखी गृहस्थ आले आणि 'मुंबईत तपासून आणतो' म्हणून तीन घरांतून दोन-दोन हजार घेऊन गेले. ते पुन्हा फिरकले नाहीत.

मी तो दगड लोणच्याच्या बरणीच्या तळाला, झिलई नसलेल्या कडेवर घासला. काळपट हिरवी रेघ उमटली. सोने असते तर ती पिवळी आली असती. हातोडीखाली त्याचा भुगा झाला, सोने चेपले असते. ते लोह आणि गंधकाचे पायराइट होते.

तरीही 'सह्याद्री ज्वालामुखीचा, म्हणजे इथे इंडोनेशियासारखे पॉर्फिरी सोने असणारच' हा संदेश मोबाइलवर फिरतोच आहे. इंडोनेशियातल्या ग्रासबर्ग खाणीसारखे पॉर्फिरी साठे बहुधा होतात ते सागरी भूपट्ट दुसऱ्या पट्टाखाली सरकतो तिथे. पाणी आणि गंधक भरलेला शिलारस जमिनीखाली थोड्या किलोमीटरवर थिजतो आणि त्यातून सुटलेले कढत खारे पाणी भेगाभेगांत तांबे-सोने सोडते. सह्याद्रीचा लाव्हा 6.6 कोटी वर्षांपूर्वी भेगांतून वर येऊन पसरला, त्याची जातच निराळी. शिवाय कुडाळचा तळखडक त्या लाव्ह्याहूनही कितीतरी जुना आहे.

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये म्हणतात. सोन्याचे मात्र दोन्ही शोधावे लागते, आणि ते शोधता येते. सोन्याला वय सांगणारे स्वतःचे घड्याळ नाही, ते शेजारच्या खनिजांकडे असते. झिरकॉन या खनिजाचा कण जन्मताना युरेनियम आत घेतो, शिसे जवळजवळ घेतच नाही. म्हणून आत सापडणारे शिसे युरेनियमपासूनच झालेले. युरेनियम-238 निम्मे व्हायला 447 कोटी वर्षे लागतात, त्यावरून खडकाचे वय निघते. साठ्याचे वय सांगते मॉलिब्डेनाइट हे खनिज, त्यातल्या ऱ्हेनियम धातूचे तसेच हळूहळू ऑस्मियम होते. दोन्ही वये जुळली, तर सोने त्याच शिलारसाच्या घरचे असावे. मग गंधकाच्या जड आणि हलक्या अणूंचे प्रमाण पाहून तो गंधक शिलारसातला की समुद्रातल्या गाळातला, हे पडताळतात. ग्रासबर्गचे वय अशाच मोजणीतून सुमारे 30 लाख वर्षे निघाले.

माझी कळकळीची विनंती आहे, कोकणात सोने सापडल्याची बातमी आली, तर छापण्यापूर्वी कोणते खनिज कुठे तपासले एवढे तरी विचारून घ्यावे. दिवाळीनंतर शेजारच्या वाडीत आणखी दोन विहिरी खणायच्या आहेत.

– एक निवृत्त विज्ञान शिक्षक, कुडाळ