बाई, त्या अर्ध्या लिंबासाठी

बाई, सादर नमस्कार.

परवा लेकीचा रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन ११.६. गेल्या आषाढात ते ८.२ होतं. डॉक्टर म्हणाले, बारा झालं की काळजी मिटली. दवाखान्याच्या पायरीवर बसून मी तो कागद दोनदा वाचला आणि पहिली आठवण तुमची आली. फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "अहो, त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता. म्हणून चारचौघांत लिहितेय.

आमच्या घरातलं थोडं तुम्हाला ठाऊक नाही, ते आधी सांगते. पाचवीपर्यंत पोर दुसऱ्या शाळेत होती. मी सोलापुरात गणवेश शिवायच्या कारखान्यात मशीनवर बसते, त्या पैशातून तिची फी भरायचे. त्या शाळेनं डब्याचं वेळापत्रक छापून दिलं होतं. सोमवारी ब्रोकोली, मंगळवारी पास्ता, बुधवारी काजू-बदाम. मी पहाटे पाचला उठून भाकरी थापणार, आठला कामावर पोचणार. डब्यात ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी, असेल ती भाजी. एके दिवशी पालकांच्या ग्रुपवर एका डब्याचा फोटो आला, खाली लिहिलेलं, "असा डबा पाठवू नये." नाव नव्हतं. पण झाकणाच्या कोपऱ्याला पोचा होता, त्यावरून मी ओळखला. माझाच डबा.

त्या दिवसापासून डबा भरलेला परत यायला लागला. पोर फिकी पडत गेली. शाळेतून आली की दप्तर न काढता झोपायची. मग ती खडू खाताना सापडली. हातात खडू देऊन तिला वर्गाच्या दारात उभं केलं आणि मला बोलावून विचारलं, "घरी पोटभर देत नाही का?" बाई, दोन वर्षं झाली तरी तो प्रश्न कानातून जात नाही. एवढी शिकलेली माणसं होती ती. भिंतीवर पोषणाचे रंगीत तक्ते होते. पण पोर खडू का खाते, हा साधा प्रश्न एकालाही पडला नाही.

फी झेपेना म्हणून मी तिचं नाव काढलं आणि हरल्यासारखं मन घेऊन तुमच्या महापालिकेच्या शाळेत आले.

भूमितीच्या तासाला तिच्या कंपासपेटीत तुम्हाला कच्चे तांदूळ सापडले. पोरं हसली. तुम्ही पेटी मिटून तिच्या हातात दिली आणि कर्कटक कसं धरायचं ते पुढे शिकवत राहिलात. हे सगळं मला लेकीनं सांगितलंय. सुट्टीत तिला बाजूला घेऊन विचारलंत, "तांदूळ आवडतात होय? आणि खडू? माती?" ती मान हलवत गेली. संध्याकाळी तुमचा फोन आला. "तिला रागावू नका. अंगात रक्त कमी असलं की असलं काहीबाही खावंसं वाटतं. उद्याच तपासून घ्या." पुढचं औषधपाणी डॉक्टरांनी केलं, त्याचं श्रेय त्यांचं.

मला सांगायचंय ते लिंबाचं.

आषाढातला तो ८.२ चा पहिला रिपोर्ट आला त्याच आठवड्यातली गोष्ट. मी डब्यात बाजरीची भाकरी, मेथीची कोरडी भाजी आणि चटणी दिली होती. संध्याकाळी मोरीत भांडी घासायला बसले, डबा उघडला तर आत वहीच्या कागदात काहीतरी गुंडाळलेलं. पोटात गोळा आला. म्हटलं, आली पुन्हा चिठ्ठी. कागद सोडला तर आत अर्धं लिंबू. मला काही कळेना. लेक म्हणाली, "बाई म्हणाल्या, आईला सांग डबा एकदम चांगला आहे. नुसतं लिंबू राहिलं." उरलेलं अर्धं तुम्ही तुमच्या स्वतःच्या भाजीवर पिळलं होतं, हेही तिनंच सांगितलं.

मी मोरीतच रडले. दोन वर्षांत माझ्या डब्याला कुणी चांगलं म्हटलं नव्हतं. चूक दाखवणारे खूप भेटले. आधी बरोबर काय आहे ते सांगून मग राहिलेलं सांगणाऱ्या तुम्हीच.

मग दुसऱ्या दिवशी मी शाळेत आले तेव्हा तुम्ही समजावलंत. मेथीत, बाजरीत लोह असतं, पण ते शरीरात सहज मुरत नाही. लिंबू, आवळा, पेरू यातलं क जीवनसत्त्व सोबत गेलं की जास्त मुरतं. आणि जेवणासोबतचा चहा ते अडवतो. बाई, मी तिला रोज सकाळी चहा-चपाती देत होते. पोटाला ऊब म्हणून. दर आठवड्याला शाळेत मिळते ती लोहाची निळी गोळीही एकदा चुकून घरी आणली, तर मी चहाच्या घोटासोबतच गिळायला लावली होती. ऐकताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुम्ही म्हणालात, "आमच्या घरीही तेच चालायचं. चहा तासभर पुढे ढकला, बस." दूध आणा, बदाम आणा, डबे बदला, असलं काही नाही. माझ्याच स्वयंपाकघरातली एक गोष्ट तासभर सरकवायची आणि एक लिंबू वाढवायचं.

वर्गात तुम्ही हा विषय कसा शिकवलात ते मी पोरीकडून रोज ऐकलं. व्हरांड्यात खडूनं हे भलंमोठं ताट काढलंत आणि पोरांनी घरून आणलेलं एकेक त्यात ठेवायला लावलंत. कुणी मूठभर हरभरे, कुणी कांद्याची पात, कुणी गाजर. ताटाची डावी बाजू रिकामी राहिली तेव्हा म्हणालात, "आपल्या आज्यांनी चटणी, कोशिंबीर, लिंबू ह्यांना ताटात कायमची जागा देऊन ठेवलीय. आपण तिथं बोटभर वाढतो. आता डावी बाजू जड करायची." हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ साली हेच सांगितलंय, दिवसभराच्या ताटात निम्मा वाटा भाज्या-फळांचा हवा, हे पोरीच्या वहीत लिहिलेलं आहे. पण ती मला सांगताना म्हणते, "आई, डावी बाजू." शाळेत मिळणाऱ्या खिचडीतली भाजी वेचून कडेला काढणाऱ्या पोरांना तुम्ही सांगितलंत की सहावी ते आठवीच्या प्रत्येक मुलामागे रोज ३० ग्रॅम डाळ आणि ७५ ग्रॅम भाजी ठरलेली आहे, ती तुमच्या हक्काची आहे, हक्क कडेला काढून ठेवायचा नसतो. आमची लेक तेव्हापासून टोमॅटोची सालंसुद्धा टाकत नाही. थंड पेयाच्या २५० मिलीच्या बाटलीवरचे आकडे पोरांकडूनच वाचून घेऊन तुम्ही वर्तमानपत्रावर सहा चमचे साखर मोजलीत. घरी आल्यावर तिनं तोच प्रयोग तिच्या बाबांपुढे केला. ते काही बोलले नाहीत, पण रविवारी बाटली आली नाही.

आणि तो पालकसभेचा दिवस. सगळ्या आया पोरांच्या तक्रारी घेऊन आलेल्या. हा पालेभाजी खात नाही, ती दूध पीत नाही. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि विचारलंत, "तुम्ही स्वतः काल रात्री काय जेवलात?" वर्ग एकदम गप्प. मग मागून एक जण म्हणाली, "पातेल्याला लागलेली खरवड." कुणी म्हणालं, भाजी संपली होती, चटणीवर भागवलं. तुम्ही सांगितलंत, देशात १५ ते ४९ वयाच्या शंभर बायकांत ५७ जणींचं रक्त कमी आहे. २०१९-२१ च्या सरकारी पाहणीतला आकडा. मी मनात हिशोब केला, आम्ही वीसेक जणी होतो, म्हणजे दहा-बारा तर इथंच बसल्यात. दुसऱ्या दिवशी मीही तपासून घेतलं. ९.४ निघालं. घरात सगळ्यांचं झाल्यावर उरेल ते खायचं, हे मला कधी कुणी शिकवलं नव्हतं, आईला बघून आपोआप आलं होतं. लेकही मला बघून तेच शिकत होती. आता आम्ही दोघी एकाच वेळी बसतो. सासूबाई पहिले चार दिवस कुरकुरल्या, आता त्याही आमच्यासोबत बसतात.

गरिबाला शहाणपण सांगायला सगळेच येतात हो. त्याच्या चुलीला नावं न ठेवता सांगणारं माणूस क्वचित भेटतं. समोरच्याची लाज राखून त्याला शिकवणं, याला किती मोठं मन लागतं ते मला आता कळतंय, कारण मी दोन्ही बघितलंय. माझ्याच मशीनशेजारी नवी पोरगी बसते, तिची शिवण वाकडी जाते. पूर्वी मी ओरडले असते. आता आधी सरळ गेलेली शिवण दाखवते.

तुमची बदली झाल्याचं कळलं. पोर दोन दिवस नीट जेवली नाही, तिसऱ्या दिवशी म्हणाली, बाईंना कळलं तर काय वाटेल, आणि ताट ओढून बसली.

एक मागणं आहे. यंदा भोगीला तुम्ही आमच्याकडे जेवायला यायचं. पावटा, गाजर, वांगं, ओला हरभरा, सगळं घालून भाजी करते. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी, राळ्याचा भात जमला तर तोही. तुमचं ताट लेक वाढणार आहे. डावीकडचं लिंबू तिनं आत्तापासून स्वतःकडे घेतलंय.

तुमच्या सातवीतल्या एका मुलीची आई