शोकेसमधला टिकी मग

संपादक साहेब, नमस्कार.

परवा एका लग्नाच्या संगीतला टिकी थीम, म्हणजे पॅसिफिक बेटांच्या धाटणीची सजावट होती, बांबू, पामची पानं, लाकडी मुखवटे, आणि मुलीने विचारलं की बाबा, तुम्हाला हे सगळं एवढं का आवडतं. मला एकदम गिरगावातली आमची चाळीतली खोली आठवली. काका बोटीवर होते, एका सुट्टीत त्यांनी चिनीमातीचा, टिकी चेहऱ्याचा मग आणला, चॉकलेटी, डोळे बटाट्याएवढे, दात विचकलेले, कानाचा टवका उडालेला. आजी म्हणाली हा राक्षस देवाजवळ नको, म्हणून तो शोकेसमध्ये गेला. दुपारी सगळे झोपले की मी त्यात कोकम सरबत घेऊन गॅलरीत बसायचो आणि ती गॅलरी म्हणजे माझी होडी असायची.

खूप नंतर कळलं की न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांच्या, माओरींच्या, कथांमध्ये टिकी म्हणजे पहिला माणूस, आणि अशा सजावटीच्या टिकी बारची फॅशन १९३० च्या दशकात कॅलिफोर्नियात सुरू झाली. १९४७ मध्ये नॉर्वेचे संशोधक थोर हेयरडाल आणि पाच साथीदार बाल्सा लाकडाच्या कॉन-टिकी तराफ्यावर पेरूहून निघून १०१ दिवस पॅसिफिकमध्ये होते हे वाचलं तेव्हा तर डोळ्यांसमोर आमची गॅलरीच आली!

थीम जरूर करा, मला मनापासून आवडते, पण मुखवटे लावताना ते कुठल्या लोकांचे, त्यांचा अर्थ काय, हे दोन ओळीत तिथे लिहा ना. आजीला तो राक्षस नव्हता हे सांगायचं राहूनच गेलं. तो मग अजून माझ्याकडे आहे.

- एक वाचक, गिरगाव, मुंबई