मीठ, कोळसा आणि पंधरा अँपियरचा पॉइंट

पुणे,
४ डिसेंबर २०२५

प्रिय दिल्या,

परवा फोनवर तू विचारलंस, "लांबच्या प्रवासाला इलेक्ट्रिक गाडी चालते का? हो की नाही, एका शब्दात सांग." मी "हो" म्हणालो आणि तू खूश होऊन फोन ठेवलास. तेव्हापासून मला चैन नाही. वहिनी उद्या कुडाळला जाताना कशेडी घाटाच्या अलीकडे बॅटरीच्या शेवटच्या तीन टक्क्यांवर अडकल्या, तर माझं श्राद्ध जिवंतपणी घालतील. म्हणून हे पत्र. चहा घेऊन बस.

दिवाळी संपल्यावर आम्ही आत्याकडे जाऊन आलो. आई, मी, सुमा आणि धाकटा. आत्याचं घर सावंतवाडीपासून बारा किलोमीटर आत, म्हणजे आमच्या दारापासून पावणेचारशेच्या आसपास. गाडीच्या बॅटरीत विजेची ४०.५ युनिटं मावतात. कागदावर ती साडेचारशेच्याही वर पळते. तो कागद कुठल्या रस्त्यावर लिहिला देव जाणे, त्यात एसी, आई, चिवड्याचे डबे आणि खंबाटकी घाट धरलेले नसणार. माझा दोन वर्षांचा हिशेब एका युनिटला साडेसहा किलोमीटर असा आहे. म्हणजे अडीचशे, फार तर पावणेतीनशे. ताशी ऐंशीनं हाकली तर युनिटला सात मिळतात, शंभरवर नेली की साडेपाच. वेग ऐंशीचा शंभर झाला की हवेचा अडसर दीडपटीहून जास्त वाढतो. पेट्रोलच्या गाडीतही हेच होतं, पण तिथे काटा हळू हलतो आणि पंप दर पाच मैलांवर दिसतो, म्हणून कुणी बघत नाही. इथे आकडा डोळ्यांसमोर उतरतो.

गंमत म्हणजे सातारा ते कोल्हापूर सहापदरीकरणाचं जे काय चाललंय, त्यातल्या डायव्हर्जननी आमचं अॅव्हरेज सुधारलं. सगळे शिव्या देत होते आणि मी एकटा चाळीसच्या वेगानं मनातल्या मनात युनिटं मोजत होतो.

पहिला थांबा कराडच्या अलीकडे ठरवला होता. रस्त्याकडेच्या हॉटेलात दोन गनचा, म्हणजे गाडीत खुपसायच्या दोन प्लगांचा चार्जर. ॲपमध्ये हिरवा ठिपका, "उपलब्ध". पोचलो तेव्हा ३८ टक्के होते. चार्जरच्या पडद्यावर लाल अक्षरं आणि इंग्रजीत काहीतरी बिघाड. गन लावली, काढली, पुन्हा लावली. मदतीच्या नंबरावरच्या मुलीनं माझं नाव, गाडीचा नंबर, चार्जरचा नंबर विचारला आणि अठ्ठेचाळीस तासांत तक्रारीची दखल घेतली जाईल असं सांगितलं. अठ्ठेचाळीस तास! आई गाडीतूनच म्हणाली, "तोवर इथेच राहायचं का रे? खोल्या बऱ्या दिसताहेत."

तेवढ्यात वॉचमन काका विडी विझवत आले. काही बोलले नाहीत. चार्जरच्या बाजूला एक लाल, भोपळीसारखं फुगीर बटण असतं, आग वगैरे लागली तर दाबायचं. ते आत दबलेलं होतं. काकांनी ते उजवीकडे पिळलं, टक्‌ आवाज झाला आणि ते बाहेर आलं. पडदा विझला, दोन मिनिटांनी हिरवा होऊन उठला. "पोरं येतात, दाबून जातात," काका म्हणाले. "कंपनीला फोन करू नका, मला हाक मारा." दिल्या, पहिला धडा लिहून घे, लाल बटण पिळून बघायचं. दुसरा असा की ॲपमधला हिरवा ठिपका म्हणजे लग्नपत्रिकेतला मुहूर्त.

त्या अर्ध्या तासात ७० टक्के झाले. कोल्हापुरात जेवणाला थांबलो तिथे ८५. आईचे गुडघे दर दोन तासांनी थांबायला सांगतात आणि बॅटरीही. या दोघींचं इतकं एकमत मी आमच्या घरात आजवर पाहिलेलं नाही. पेट्रोलवर जिथे आठ तास लागायचे तिथे सव्वानऊ लागले. तू एकटा असशील आणि पुण्याहून गोव्याला एका दमात जायची तुझी जुनी खोड अजून असेल, तर तुला हे जाचेल. आम्हाला जाचलं नाही.

निपाणीवरून आत वळून उत्तूर, आजरा करत आंबोलीला आलो तेव्हा ४५ टक्के होते. आणि मग घाट. तुला आठवतं, बाबांच्या फियाटमधून याच घाटानं जाताना डिकीत पाण्याचा कॅन असायचा? वर चढताना रेडिएटर उकळायचा, खाली उतरताना ब्रेकचा जळका वास यायचा आणि आई स्तोत्र म्हणायची. या खेपेला घाटाच्या पायथ्याच्या दाणोलीपर्यंत ब्रेकवर पाय जवळजवळ पडलाच नाही. पाय उचलला की मोटरच जनरेटर होते आणि चाकांच्या फिरण्यातून वीज करून बॅटरीत टाकते, गाडी आपोआप आवरते. दाणोलीला आकडा ४८! धाकट्याला वाटलं जादू आहे. मी त्याला गणित घातलं. माणसं आणि सामान धरून पावणेदोन टन वजन सहाशे मीटर खाली आलं, म्हणजे पावणेतीन युनिटांच्या आसपासची ऊर्जा. काही हवेला, काही टायरांना आणि रस्त्याला गेली, उरलेली आपली. परतीला मात्र घाटानं ती व्याजासकट वसूल केली. दाणोलीला ९०, आंबोलीला ७५. वीस किलोमीटरला पंधरा टक्के! घाट असेल तिथे किलोमीटर मोजू नकोस, उंची मोज. आणखी एक सांगतो. आंबोलीत मुक्काम करून बॅटरी शंभर टक्के भरून खाली निघालास तर ही कमाई बुडते, भरलेल्या हंड्यात ओतणार कुठे? तिथे नव्वदवर थांबवायची.

आता खरी गोष्ट. आत्याकडे पोचलो तेव्हा ४० टक्के होते. अंगणातल्या पडवीत पंधरा अँपियरचा पॉइंट आहे हे मी फोनवर विचारून ठेवलं होतं. पाण्याचा पंप त्यावरच चालतो. गाडीबरोबरचा पोर्टेबल चार्जर लावला तर लाल दिवा लुकलुक. अर्थिंग नाही. सॉकेटला तिसरं भोक होतं, त्यामागे वायरच नव्हती. सत्तर वर्षांच्या घरात कोण बघतंय! पंपाला चालतं, मिक्सरला चालतं, पण गाडीचा चार्जर अर्थिंग तपासल्याशिवाय एक टक्का पुढे सरकत नाही.

सकाळी वायरमन आला. त्यानं आधी सोपा उपाय सुचवला, न्यूट्रलवरून अर्थ मारून देतो, पाच मिनिटांचं काम. मी हात जोडले. पुढेमागे न्यूट्रल तुटला तर गाडीचा सगळा पत्रा जिवंत होईल आणि अंगणात पोरं खेळतात. हा जुगाड तुझ्याही गावी कुणीतरी सुचवेलच, ऐकू नकोस. मग खड्डा खणायचं ठरलं. जागा न्हाणीचं पाणी जातं तिथल्या अळवाजवळ, कारण माती कायम ओली. पण वीतभर मातीखाली जांभा. पाच फुटांना दोन गड्यांची दुपार गेली. तळाला तांब्याची प्लेट, मग कोळशाचा थर, मिठाचा थर, पुन्हा कोळसा. मी बाजारातून जाडं मीठ आणलं तेव्हा आत्या चुलीपुढून उठून बघायला आली.

"गाडयेची दिष्ट काढतंस की काय रे?"

आईनं गंभीरपणे सांगितलं, हो, नवीन गाडी आहे ना. त्यावर आत्या आत जाऊन मोहरी घेऊन आली. वायरमननं तीसुद्धा टाकली. अर्थिंगला मोहरीनं काय होतं कुणास ठाऊक, पण रात्री साडेदहाला चार्जरवर हिरवा दिवा लागला आणि आख्खं घर पडवीत जमलं.

व्होल्टेज १८२ होतं. त्यामुळे तासाला जेमतेम सहा टक्के. मध्ये तासभर लाईट गेली, आली, चार्जर आपला आपण सुरू झाला. सकाळी ८२. दुसऱ्या रात्री शंभर. पैसे द्यायला गेलो तर आत्या दोन दिवस बोलणार नाही हे तुला ठाऊक आहे, म्हणून तिचा ग्राहक क्रमांक टिपून घेतला आणि पुण्याला आल्यावर बिल परस्पर भरून टाकलं. अजून तिला कळलेलं नाही. तू बोलू नकोस.

परतीचा रविवार होता. साताऱ्याजवळ चार्जरवर आमच्या पुढे तीन गाड्या. पावणेदोन तास गेले. त्यातला एक पठ्ठ्या ८० टक्के झाले तरी गाडी काढेना, आत डोसा खात बसला. रिकाम्या एसटीत पहिली चाळीस माणसं पटापट बसतात, शेवटच्या दहांना जागा हुडकत फिरावं लागतं, बॅटरीचं तसंच आहे. ऐंशीपर्यंत ती भराभर पिते, मग घोट घोट. शेवटच्या वीस टक्क्यांना जवळजवळ पहिल्या ऐंशीइतका वेळ जातो. म्हणून हायवेवर ऐंशीला गन काढायची, ही न लिहिलेली रीत आहे. ती न पाळणाऱ्याला काय म्हणायचं ते तू मला शाळेत शिकवलंसच. सुमा जाऊन त्याच्याशी गोड बोलली, मग उठला.

पैशांचं सांगतो, तुझा खरा प्रश्न तोच असणार. घरचं युनिट मला सगळं धरून दहा रुपयांच्या आसपास पडतं, म्हणजे किलोमीटरला दीड रुपया. हायवेवर बावीस रुपये युनिट आणि वर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे किलोमीटरला चार. हा साधारण सीएनजीचाच भाव झाला. जाऊन-येऊन बाहेरच्या साठ-पासष्ट युनिटांना सोळाशेच्या वर गेले. पेट्रोलला पाच हजार गेले असते, तेव्हा वाचले, नाही म्हणत नाही. पण पैसे वाचतात ते रोजच्या ऑफिसच्या खेपांत, कोकणच्या वाऱ्यांत नव्हे. टोलचंही ऐकून ठेव. इलेक्ट्रिक गाड्यांना माफी आहे ती मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, अटल सेतू आणि समृद्धीवर. खेड शिवापूर, आणेवाडी, तासवडे, किणी, चारही ठिकाणी फास्टॅगमधून पैसे कापले गेलेच. शिवाय मोबाइलमध्ये सहा ॲप, आणि प्रत्येकात माझे शे-दोनशे अडकलेले. सगळ्यांना मिळून एकच ॲप का करत नाहीत, हा प्रश्न मी सुमाला इतक्यांदा विचारलाय की आता ती उत्तर देत नाही.

आता तुझं. तुला डोंबिवलीहून कुडाळला जायचं, वर्षातून चारदा. मे महिना, शिमगा, दिवाळी, काही अडचण नाही. वाटेत दोनदा चार्ज, आणि दुसरा थांबा ठरवताना पहिला बंद पडलाय असं समजूनच ठरव. हाताशी कायम शंभर किलोमीटर शिल्लक ठेव. पण गणपतीच्या आदल्या दिवशी? अजिबात नको. त्या दिवशी आख्खी मुंबई त्या रस्त्यावर असते, दोन गनच्या चार्जरपुढे काय होईल याची कल्पना कर. चार दिवस आधी रजा काढता आली तर जा, नाहीतर कोकण रेल्वेच्या वेटिंग लिस्टवर नाव घाल, जन्मभर घालतोयसच.

सप्टेंबरात छोट्या पेट्रोल गाड्यांचा जीएसटी २८ चा १८ झाला, इलेक्ट्रिकचा आधीपासून ५ आहे. दुकानातला पोरगा या फरकावर तुला तासभर पिळेल. त्याचं ऐकून घे आणि सही करायच्या आधी दोन कामं कर. सोसायटीकडून तुझ्या पार्किंगमध्ये पॉइंट घ्यायची लेखी परवानगी, सेक्रेटरीच्या तोंडी "बघू"वर जाऊ नकोस. ती मिळत नसेल तर ही गाडीच घेऊ नकोस, रोज बाहेर चार्ज करून कुणी सुखी झालेला मी पाहिला नाही. आणि कुडाळच्या घरी कुणाला तरी पाठवून सॉकेटमागे तिसरी वायर आहे का ते उघडून बघ. नसेल तर खड्डा पावसाळ्याआधी खणून घे. आमच्या वायरमनचा नंबर देतो, कुडाळपर्यंत येतो तो.

परवा आत्याचा फोन होता. वायरमननं जाताना सांगितलं होतं, खड्ड्यात अधूनमधून पाणी घालत जा, कोरडा पडू देऊ नका. तेव्हा ती रोज तुळशीला घातल्यावर तांब्यातलं उरलेलं पाणी अर्थिंगला घालते. पुढचं काय, तर शेजारच्या काकू विचारून गेल्या की हा कुठला देव.

डिकीतून पंधरा नारळ आले, पाच तुझे बाजूला काढलेत. सोलं आणि कुळथाचं पीठही आहे. येऊन घेऊन जा, नाहीतर आईनं वाटायला काढलंय. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
मन्या